रुग्णाच्या खाटेकडे परत : अमेरिकी परिचर्येतील चार वाटांचा इतिहास

अमेरिकेत काही वर्षे रुग्णालयात पाळ्या केल्यानंतर पुढील शिक्षणासाठी विद्यापीठाकडे वळणाऱ्या नोंदणीकृत परिचारिकेपुढे आज चार वाटा असतात. भूल देणारी परिचारिका, बाळंतपण करणारी परिचारिका-प्रसविका, एखाद्या प्रकारच्या रुग्णांच्या शुश्रूषेत विशेष प्रावीण्य मिळवलेली क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट, आणि रुग्ण तपासून निदान करणारी व औषध लिहून देणारी नर्स प्रॅक्टिशनर, अशा या चार भूमिका असून त्यांना मिळून ‘प्रगत परिचर्या’ असे नाव आहे. प्रवेशाच्या माहितीपत्रकांत त्या एकाच झाडाच्या चार फांद्यांसारख्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात, आणि विद्यार्थिनीही स्वाभाविकपणे पगार, कालावधी, शुल्क आणि पाळ्यांचे तास यांच्या आधारे त्यांची तुलना करते. प्रत्यक्षात या चारही वाटा वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या टंचाईतून निघाल्या. त्यांपैकी दोन तर विद्यापीठाच्या बाहेरच वाढल्या, आणि डॉक्टरांशी व कायद्याशी प्रत्येकीने केलेली तडजोड निराळी आहे. त्यामुळे वाट निवडणारी परिचारिका, तिला जाणीव असो वा नसो, त्या जुन्या तडजोडींपैकी एकीचा वारसा स्वीकारत असते.

परिचारिकेने परत शाळेत जाण्याची प्रथा या वाटांहून वेगळ्या हेतूने सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील परिचारिका रुग्णालयांनी चालवलेल्या शाळांत तयार होत, आणि या शाळांचा खरा उपयोग रुग्णालयाला बिनपगारी मनुष्यबळ मिळण्यात होता. अशा शाळेतून बाहेर पडलेल्या परिचारिकेसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेल्या टीचर्स कॉलेजमध्ये १८९९ साली एक अभ्यासक्रम उघडला, त्याचे नाव ‘रुग्णालय अर्थव्यवस्था’ असे होते. नावावरूनच त्याचा रोख कळतो : रुग्णालयाचा कारभार कसा पाहावा आणि परिचारिकांची शाळा कशी चालवावी, हे तेथे शिकवले जाई. याच महाविद्यालयात १९०७ साली अ‍ॅडलेड नटिंग यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. परिचर्येच्या क्षेत्रात विद्यापीठाचे प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या जगातील पहिल्या परिचारिका मानल्या जातात. परिचर्येला विद्यापीठाची दारे उघडून देणारी ही घटना मोठी होती, यात शंका नाही. मात्र त्या दारातून आत गेलेली परिचारिका बाहेर पडताना अधीक्षिका किंवा शिक्षिका होऊन बाहेर पडे. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे उच्च शिक्षणाचा अर्थ खाटेपासून दूर जाणे हाच राहिला.

महाराष्ट्रातील वाचकाला ही रचना अनोळखी वाटू नये. येथील शासकीय रुग्णालयांतील पदनामांची शिडी पाहिली, तर अधिपरिचारिका प्रत्यक्ष रुग्णाजवळ असते, परिसेविका वॉर्डाचा कारभार पाहते, अधिसेविका साऱ्या रुग्णालयाचा, आणि पाठ्यनिर्देशिका वर्गात शिकवते. म्हणजे बढतीची प्रत्येक पायरी रुग्णापासून एकेक पाऊल लांब नेते. एम.एस्सी. नर्सिंग केलेल्यांची वाटही मुख्यतः अध्यापनाकडेच जाते. ज्ञान वाढले की रुग्ण सुटतो, हा जो विरोधाभास या रचनेत आहे, त्यातून सुटण्याचे प्रयत्न म्हणूनच अमेरिकेतील चार वाटांचा इतिहास वाचावा लागतो.

त्यांतील सर्वांत जुनी वाट भूल देण्याची. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईरी येथील सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात १८७७ च्या सुमारास सिस्टर मेरी बर्नार्ड या जोगिणीने भूल देण्याचे काम हाती घेतले, असे नोंदवलेले आहे. त्या काळी ईथर थेंबाथेंबाने दिले जाई : तारेच्या सांगाड्यावर जाळीदार सुती कापडाचे पदर ताणून केलेला मुखवटा रुग्णाच्या नाकातोंडावर ठेवायचा आणि डब्यातून त्यावर ईथर ठिबकत राहायचे. थेंब जास्त पडले तर श्वास मंदावतो आणि कमी पडले तर रुग्ण ऐन शस्त्रक्रियेत हालू लागतो, म्हणून भूल देणाऱ्याची नजर श्वासावर, ओठांच्या रंगावर आणि बुबुळांवर खिळलेली असणे आवश्यक असे. शल्यविशारदांची अडचण नेमकी येथे होती. हे काम शिकाऊ डॉक्टरांकडे दिले, तर त्यांचे लक्ष रुग्णाच्या तोंडाकडे न राहता शल्यविशारदाच्या हातांकडे लागे, कारण त्यांना शिकायची असे ती शस्त्रक्रिया. शिवाय या कामात मान नव्हता आणि पैसाही नव्हता. ज्या कामाला प्रतिष्ठा नाही ते काम स्त्रियांकडे सोपवले जाते, हा जगभरचा अनुभव येथेही आला, आणि त्या स्त्रियांनी ते इतके चांगले केले की पुढे त्याला प्रतिष्ठा आल्यावर ते त्यांच्याकडून काढून घेण्याची खटपट सुरू झाली.

मिनेसोटातील रॉचेस्टर येथे मेयो बंधूंच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देणाऱ्या अ‍ॅलिस मॅगॉ यांनी १९०६ साली आपल्या कामाचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात १४,००० हून अधिक भुलींची नोंद असून भुलीमुळे झालेला एकही मृत्यू त्यात नव्हता. मॅगॉ यांचा भर औषधाइतकाच बोलण्यावर होता. मुखवटा ठेवण्यापूर्वी आणि ठेवल्यानंतरही त्या रुग्णाशी शांतपणे बोलत राहत, आणि त्यामुळे ईथर कमी लागते असे त्यांचे निरीक्षण होते. क्लीव्हलंडमध्ये जॉर्ज क्राइल या शल्यविशारदाबरोबर काम करणाऱ्या अ‍ॅगाथा हॉजिन्स यांच्या पुढाकाराने तेथील लेकसाइड रुग्णालयात १९१५ साली या विद्येची शाळा निघाली. शिक्षण काही महिन्यांचे असे आणि ते शस्त्रक्रियागृहातच होई. विद्यापीठाशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

या शाखेचे पुढचे सारे भवितव्य मात्र न्यायालयात ठरले. परिचारिका भूल देते म्हणजे ती परवान्याशिवाय वैद्यकीय व्यवसाय करते, असा आक्षेप घेऊन डॉक्टर खटले लढवू लागले. केंटकीतील १९१७ च्या निकालात आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डॅगमार नेल्सन या परिचारिकेच्या बाजूने दिलेल्या १९३६ च्या निकालात, ती शल्यविशारदाच्या देखरेखीखाली काम करत असल्यामुळे हा वैद्यकीय व्यवसाय ठरत नाही, असे तत्त्व मान्य झाले. या दोन्ही निकालांनी भूलपरिचारिका वाचल्या खऱ्या, परंतु ज्या शब्दाने वाचल्या त्याच शब्दाला त्या बांधल्या गेल्या. ‘देखरेख’ हा तो शब्द. दुसरीकडे परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेनेही त्यांना आपल्या छत्राखाली वेगळी जागा देण्यास नकार दिला, आणि १९३१ साली हॉजिन्स यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. वैद्यक त्यांना परिचारिका म्हणून दूर ठेवी आणि परिचर्येच्या धुरीणांना त्या डॉक्टरांच्या हस्तक वाटत. या दुहेरी परकेपणातून या शाखेला जी कडवी संघटनशक्ती आली, ती आजही तिच्या वेतनमानात आणि प्रवेशाच्या कडक अटींत दिसते. अतिदक्षता विभागातील किमान एका वर्षाचा अनुभव असल्याशिवाय या शाखेत प्रवेश मिळत नाही.

दुसरी वाट डोंगरातून आली. मेरी ब्रेकिनरिज (१८८१–१९६५) या केंटकीतील प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने न्यूयॉर्कमध्ये परिचर्येचे शिक्षण घेतले होते. मुदतपूर्व जन्मलेली मुलगी १९१६ मध्ये आणि चार वर्षांचा मुलगा १९१८ मध्ये गमावल्यानंतर तिने माता-बालकांच्या कामाला वाहून घेतले. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये मदतकार्य करताना तिला तीन गोष्टी दिसल्या : फ्रान्समध्ये प्रसविका होत्या पण त्या परिचारिका नव्हत्या, अमेरिकेत परिचारिका होत्या पण त्यांना बाळंतपण करता येत नव्हते, आणि ब्रिटिश स्त्रिया मात्र दोन्ही विद्या एकत्र जाणत होत्या. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर ती लंडनला जाऊन पुन्हा विद्यार्थिनी झाली, ब्रिटिश प्रसविकांची परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ व बेटांच्या प्रदेशात विखुरलेल्या वस्त्यांपर्यंत वैद्यकीय सेवा कशी पोचवली जाते हेही पाहून आली. परत शाळेत जाण्याचा हा निर्णय पाहण्यासारखा आहे, कारण जे शिकायचे ते शिकवणारी शाळाच स्वदेशात नसल्याने तिला समुद्र ओलांडावा लागला.

तिने १९२५ साली केंटकीतील लेस्ली परगण्यात सुरू केलेले काम पुढे ‘फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस’ या नावाने ओळखले गेले. सुमारे ७०० चौरस मैलांच्या त्या टापूत पक्का रस्ता जवळजवळ नव्हता. नदीनाल्यांच्या पात्रांतूनच वाट असे आणि परिचारिका घोड्यावरून फिरत. खोगिराच्या दोन्ही बाजूंना चामड्याच्या थैल्या लटकत, त्यांत बाळंतपणाचे साहित्य वेगळे आणि सर्वसाधारण शुश्रूषेचे वेगळे बांधलेले असे. नवरा जर परिचारिकेला बोलावण्यासाठी तिच्या चौकीपर्यंत येऊ शकत असेल, तर परिचारिका त्याच्या बायकोपर्यंत जाऊ शकते, हा तेथील अलिखित दंडक होता. पूर आणि बर्फ या सबबी त्यात बसत नसत. पहिल्या १,००० बाळंतपणांच्या नोंदी मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी १९३२ च्या सुमारास तपासल्या, तेव्हा गर्भारपण किंवा प्रसूती हे थेट कारण असलेला एकही मातामृत्यू त्यांत आढळला नाही. देशातील रुग्णालयांत डॉक्टरांच्या हाताखाली होणाऱ्या बाळंतपणांतून मातामृत्यू सर्रास घडत होते त्या दशकातला हा आकडा आहे.

ब्रेकिनरिजच्या कामाचा कणा मात्र ब्रिटिश परिचारिका हा होता, आणि १९३९ साली युद्ध पेटताच त्यांतील अनेक मायदेशी परतल्या. त्याच वर्षी तिने हायडन या गावी परिचारिकांसाठी प्रसूतिविद्येची शाळा काढली, ती आदर्शापेक्षा निकडीपोटी. न्यूयॉर्कमध्ये तशी एक शाळा त्यापूर्वीच, १९३०च्या दशकारंभी, सुरू झालेली होती. भूलपरिचारिकांप्रमाणेच या स्त्रियांनाही मुख्य संघटनेत आपली जागा सापडली नाही आणि १९५५ साली त्यांनीही वेगळी चूल मांडली.

विद्यापीठ आणि खाट यांची पहिली गाठ तिसऱ्या वाटेवर पडली. १९४६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णसेवेतील प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारचा पैसा उपलब्ध झाला, आणि हिल्डेगार्ड पेप्लाउ यांनी १९५४ साली न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात मनोरुग्ण-परिचर्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. तोपर्यंतचे पदव्युत्तर अभ्यासक्रम अध्यापन किंवा प्रशासन यांसाठी असत. हा अभ्यासक्रम रुग्णाशी काम करण्यासाठी होता. पेप्लाउ स्वतः रुग्णालयाच्या शाळेत तयार झालेल्या परिचारिका होत्या. त्यांच्या विद्यार्थिनीला मनोरुग्णाशी झालेले संभाषण शब्दशः लिहून आणावे लागे : रुग्ण काय म्हणाला, आपण काय म्हणालो, त्या क्षणी आपल्या मनात काय आले आणि त्यामुळे आपण कुठे चुकलो. वर्गात या कागदांचा कीस काढला जाई. औषधाची बाटली किंवा शस्त्र हातात नसताना, केवळ बोलणे आणि ऐकणे हेच परिचारिकेचे उपचारसाधन होऊ शकते, हा पेप्लाउ यांचा दावा त्या काळात धाडसी होता. क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट ही भूमिका येथून निघाली आणि पुढे हृदयरोग, कर्करोग, अतिदक्षता अशा शाखांत पसरली. तिने डॉक्टरांच्या अधिकाराला हात लावला नाही. वॉर्डातील इतर परिचारिकांचे काम अधिक चांगले व्हावे हे तिचे उद्दिष्ट राहिले, आणि म्हणून तिच्याविरुद्ध खटले झाले नाहीत. मात्र ज्या कामाचे बिल करता येत नाही त्याची किंमत सिद्ध करणे कठीण असते, हे तिला पुढे कळायचे होते.

चौथी वाट सर्वांत उशिरा आली आणि आज तीच राजमार्ग झाली आहे. तिची एक फसलेली पूर्वपीठिका उत्तर कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात घडली. तेथील वैद्यकविभागाचे प्रमुख यूजीन स्टेड आणि परिचर्येच्या प्राध्यापिका थेल्मा इंगल्स यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस परिचारिकांना रुग्णपरीक्षेचे उच्च शिक्षण देणारा अभ्यासक्रम आखला, पण परिचर्या-शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने तो नाकारला, कारण त्यात डॉक्टरांनी शिकवलेले वैद्यक फार होते. स्टेड यांनी मग परिचारिकांचा नाद सोडला आणि नौदलातून परतलेल्या वैद्यकीय साहाय्यकांना घेऊन १९६५ साली ‘फिजिशियन असिस्टंट’ हा नवाच व्यवसाय उभा केला. परिचर्येच्या धुरीणांनी आपल्या क्षेत्राची शुद्धता जपताना एक कायमचा प्रतिस्पर्धी जन्माला घातला, असे आज मागे पाहताना म्हणावे लागते.

त्याच १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्य परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने बालआरोग्याचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. मेडिकेअर आणि मेडिकेड या वृद्धांसाठी व गरिबांसाठीच्या सरकारी वैद्यकीय योजनांचा कायदाही त्याच वर्षीचा, आणि त्यामुळे डॉक्टरांच्या तुटवड्यातून ही भूमिका निघाली असे सरसकट लिहिले जाते. फोर्ड यांना हे मान्य नव्हते. कोलोरॅडोच्या ग्रामीण भागात डॉक्टर नसलेल्या बालआरोग्य केंद्रांत परिचारिका जे काम आधीच करत होत्या, त्याला शिक्षणाचा पाया आणि उघड मान्यता द्यायची, एवढाच आपला हेतू होता, असे त्या २०२५ साली वयाच्या १०४व्या वर्षी निधन होईपर्यंत सांगत राहिल्या. आरंभीचे सघन प्रशिक्षण चार महिन्यांचे होते : बाळाची छाती ऐकणे, कानाचा पडदा तपासणे, वाढीची नोंद घेणे, आणि निरोगी कोण व आजारी कोण हे ओळखणे. विरोध डॉक्टरांकडून झालाच, पण अधिक बोचरा विरोध घरचा होता. मार्था रॉजर्स यांच्यासारख्या नामवंत परिचर्या-तत्त्वज्ञांना हा परिचारिकांना वैद्यकाकडे पळवून नेण्याचा डाव वाटला.

भूलपरिचारिकांनी न्यायालयात ‘देखरेख’ हा शब्द मान्य करून जे मिळवले, ते नर्स प्रॅक्टिशनर चळवळीने कायदा बदलून मिळवायचे ठरवले. निदान व उपचार ही परिचर्येची अंगे असू शकतात, असे आपल्या परिचर्या कायद्यात मान्य करणारे आयडाहो हे १९७१ साली पहिले राज्य ठरले. त्यानंतरचा लढा राज्याराज्यांतून अर्धशतक चालू राहिला, आणि आज निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या करारावाचून स्वतंत्रपणे काम करू शकते, तर उरलेल्या राज्यांत तिला एखाद्या डॉक्टरशी लेखी करार करावा लागतो. एकच पदवी, पण राज्याची सीमा ओलांडली की अधिकार बदलतो. १९९७ च्या केंद्रीय कायद्याने तिला कोणत्याही ठिकाणी मेडिकेअरकडून थेट, डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के, मोबदला मिळू लागला.

हाच मोबदला कागदोपत्री क्लिनिकल नर्स स्पेशालिस्टलाही मिळाला होता, पण तोवर तिची पडझड सुरू झालेली होती. मेडिकेअरने १९८३ साली रुग्णालयांना प्रत्यक्ष खर्चाऐवजी आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम देण्यास सुरुवात केली, तेव्हा खर्चकपातीची कुऱ्हाड ज्या पदांवर पडली त्यांत हे पद होते. तिच्या कामामुळे टळलेल्या जंतुसंसर्गाची किंवा जखमेची नोंद जमाखर्चात कोठेच दिसत नसे. १९९०च्या दशकात अशा अनेकजणी पदव्युत्तर प्रमाणपत्रासाठी पुन्हा विद्यापीठात गेल्या आणि नर्स प्रॅक्टिशनर होऊन बाहेर पडल्या.

चारही वाटांना एका चौकटीत बसवणारा सहमती-आराखडा २००८ साली तयार झाला. त्यानुसार विद्यार्थिनीला भूमिकेबरोबरच रुग्णांचा गटही आधीच ठरवावा लागतो : सर्व वयांचे कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालके, नवजात, स्त्री-आरोग्य किंवा मानसिक आरोग्य. अनेकजणी कुटुंब हा गट घेतात, कारण तो सर्वांत रुंद वाटतो. त्यानंतर अतिदक्षता विभागातच राहायचे ठरले किंवा मनोरुग्णसेवेकडे ओढ वाटली, तर नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते. पूर्वी रुग्णालयात काम करता करता ज्या कामात परिचारिका रमे त्याचे शिक्षण ती घेई. आता क्रम उलटला आहे आणि निवड आधी करावी लागते. त्यात भर म्हणून पदवीची पायरीही उंचावत गेली. परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेने २००४ साली २०१५ पर्यंत प्रगत परिचर्येसाठी डॉक्टरेट अनिवार्य करावी असे सुचवले. नर्स प्रॅक्टिशनरच्या बाबतीत ती मुदत पाळली गेली नाही, परिचारिका-प्रसविकांनी पदव्युत्तर पदवी पुरेशी मानली, आणि जिचा जन्म विद्यापीठाबाहेर काही महिन्यांच्या शिक्षणातून झाला त्या भूल देणाऱ्या शाखेनेच २०२२ पासूनचे सारे प्रवेश डॉक्टरेटचे केले.

खाटेकडे नेणारे शिक्षण भारतात अगदी अलीकडचे आहे. भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात अतिदक्षतेतील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आखला, ज्यात विद्यार्थिनीचा बहुतांश वेळ वर्गात न जाता अतिदक्षता विभागात जातो. आणि केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रसूतिसेवेतील नर्स प्रॅक्टिशनरसाठी अठरा महिन्यांचे प्रशिक्षण ठरवले. दोन्हींची कल्पना टंचाईतूनच आली आहे. परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा २०२३ साली झाला.

अमेरिकेत मात्र जुन्या तडजोडी पुसल्या गेलेल्या नाहीत. मेडिकेअरच्या नियमांतून भूलपरिचारिकेवरील डॉक्टरी देखरेखीची अट आपल्या हद्दीपुरती वगळून घेण्याची मुभा २००१ साली राज्यांना मिळाली, आणि त्याच वर्षी आयोवाने ती प्रथम घेतली. ज्या राज्यांनी ती घेतलेली नाही तेथे तीन वर्षे घालवून डॉक्टरेट मिळवलेली परिचारिका मेडिकेअरच्या रुग्णाला भूल देते, तेव्हा नियमानुसार तिच्यावर देखरेख करणारा डॉक्टर पुष्कळदा तो शल्यविशारदच असतो, ज्याची नजर मॅगॉ यांच्या काळाप्रमाणेच आपल्या हातांखालच्या जखमेवर असते.